आदल्या दिवशीचं सारवण

आश्विन लागला की आमच्या अमरावतीची हवा दोन मनांची होते. दुपारी पाठ भाजून काढणारं ऊन, आणि दिवस कलला की तुळशीपाशी उभं राहिल्यावर अंगावर हलका काटा. कापसाच्या पऱ्हाटीची पहिली बोंडं उमललेली असतात. गाड्या बाजाराकडे निघालेल्या असतात, आणि त्यांच्यामागून सरकीचा तो तेलकट, थोडा उग्र वास गल्लीत शिरतो. तो वास मला आवडतो असं मी म्हणणार नाही. पण तो आला की गुडघे दुखायचे विसरतात, हे मात्र खरं आहे.

काल सकाळी मी सुनेला म्हटलं, अंगण सारवून घे. सून माझी कामाला वाघ आहे, पण कारण सांगितल्याशिवाय हात हलवायची नाही. ती म्हणाली, "फुगड्या त उद्या हायेत ना आत्याबाई? मंग आज कायले? उद्या सकाळी ताजं ताजं सारवतो ना म्या."

ताजं. हा शब्द ऐकून मला हसू आलं, आणि मग नाही आलं. मी एवढंच म्हणाले, "आजच." तिनं माझ्याकडे बघितलं, म्हातारीचा काहीतरी हट्ट असेल असं मनात म्हणाली असणार, आणि शेणाची पाटी आणायला गेली. तिला त्या वेळी जे सांगितलं नाही ते इथं लिहिते आहे. अक्षरं मी फार उशिरा शिकले, नातीच्या पाटीवर. तिला शिकवता शिकवता मी शिकले असं मी चारचौघांत सांगते. खरं तर तीच मला शिकवत होती.

मी लिहिते आहे ती कापसाच्या मोठ्या तेजीतल्या आश्विनाची गोष्ट. दूर समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली होती, तिथला कापूस अडकून पडला होता, आणि म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाचा कापूस हवा होता, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की जिकडे तिकडे पांढरं आहे. शहराभोवतीच्या परकोटाच्या वेशीपासून गाड्यांची रांग लागायची ती पार आमच्या झेंडूच्या मळ्यापर्यंत. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या, गाडीवानांच्या डोक्याला नवे फेटे. ज्यांच्या घरी पाहुण्याला बसायला घोंगडी नव्हती त्यांच्या घरी गाद्या आल्या. भाकरीत कापसाची तंतं निघायची, दुधावर साय यायच्या आधी तंतं यायची, आणि भुलाबाईच्या मातीच्या मूर्तीच्या डोक्यावर रोज संध्याकाळी पांढरी टोपी बसलेली असायची. आम्ही पोरी ती फुंकर मारून उडवायचो आणि गाणी म्हणायला बसायचो.

आमच्याकडे भुलाबाई भाद्रपदातल्या पुनवेला बसते आणि कोजागिरीला उठते. ती महिनाभर माहेरी आलेली असते असं आम्ही मानतो, म्हणून तिच्या निमित्तानं सासरी गेलेल्या लेकीही माहेरी येतात. निदान यायला बघतात. रुक्मिणी आमचीच, कौंडण्यपूरची लेक. माझी माय म्हणायची, ती एकदा रथात बसून गेली ती माहेरपणाला काही आली नाही, म्हणून वऱ्हाडातल्या बायांना लेकींची जास्त ओढ असते. मायचं हे म्हणणं कोणत्या पोथीत आहे मला ठाऊक नाही, पण मला ते पटतं. मला स्वतःला दिलं ते पलीकडच्याच मळ्यात. माहेर हाकेच्या अंतरावर. सासूनं रागावलं की मी कुंपणातून माहेरी, मायनं रागावलं की परत कुंपणातून सासरी. असं असल्यावर माहेरपण म्हणून काही वेगळं माझ्या वाट्याला आलंच नाही. ते मी पाहिलं कौतिकाच्या वाट्याचं.

कौतिका माझी फुगडीतली जोडीदारीण. आमच्या मळ्याच्या बांधाला लागून तिच्या बापाचं काळ्या मातीचं वावर होतं. अंगानं काटकुळी, रंगानं सावळी, बोलायला तुटक. चारचौघींत बसली तर नजरेतही भरू नये. आणि अंगणात उभी राहिली, हात पुढं केले, की बाया हातातलं काम खाली ठेवायच्या.

फुगडी सोपी दिसते. दोघी समोरासमोर, हातांची फुली घालून पक्के धरायचे, चवड्याला चवडा लावायचा आणि मागं रेलून फिरायचं. सगळी मेख मागं रेलण्यात आहे. घाबरून समोरचीच्या जवळ सरकलात की दोघी पडता. जितकं स्वतःला मागं सोडून द्याल तितक्या दोघी उभ्या राहता. कौतिका मला पहिल्या दिवशी म्हणाली होती, "सरे, माह्या कुंकवाकडे पाह्य. आभाळाकडे पाहशीन त आभाळ फिरते." मी जन्मभर तिच्या कुंकवाकडे बघत फिरले. बाकी सगळं, निंब, विहीर, भिंती, माणसं, एक रंगीत धार होऊन आमच्याभोवती वाहायचं, आणि मध्ये ते कुंकू जागच्या जागी असायचं.

इतर ठिकाणी जास्त वेळ कोण टिकलं ते बघतात. आमच्याकडे तसं नव्हतं, आणि त्याचं कारण होती भागामाय. परकोटाबाहेरच्या आमच्या सगळ्या वस्तीत तिचं आवार मोठं, म्हणून कोजागिरीच्या दुपारी फुगड्या तिच्याकडे, आणि निवाडाही तिचा. सारवलेल्या अंगणावर ती चाळणीनं गोवरीची राख भुरभुरायची, पोळपाटावर पिठी टाकावी तशी. जोडी फिरून थांबली की बायांना मागं सारायची आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकायची. राखेत चवड्यांचं रिंगण उमटलेलं असायचं. रिंगण जितकं लहान, जितकं गोल, कुठं न तुटलेलं, तितकी फुगडी मोठी. नुसत्या वेगाचं तिला कौतुक नव्हतं. "भोवरा बी फिरते," ती म्हणायची, "पण थो कोठी फिरते थे पाहा."

कौतिकाचं रिंगण तव्यात मावायचं.

पोर होती तेव्हापासून तिला हा नाद. निंबाच्या फांदीला नाडा बांधून ती एकटीच रेलून फिरत बसायची, तिची माय हाका मारून थकायची. पहिल्या वर्षी आम्ही जिंकलो तेव्हा आम्हाला लुगडं नेसायला लागून फार दिवस झाले नव्हते. भागामायनं रिंगणावर आपली वीत ठेवली, पुन्हा ठेवली, आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "कोणाच्या पोट्ट्या हायेत या?" तो आमचा पहिला सत्कार. नंतर दरवर्षी आम्हीच. जिंकणाऱ्या जोडीला दोन मान असायचे. पुढच्या साली पहिली फुगडी त्यांची, आणि त्या दिवशीचं अंगण सारवायचं ते जिंकलेल्या पोरीच्या मायनं. बक्षीस म्हणून काही द्यायची रीत नव्हती. जिंकलेलं रिंगण दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्या उकरून टाकायच्या, आणि आम्ही दोघी त्या कोंबड्यांना हाकलायलाही जायचो नाही. आता वाटतं, एकदा तरी हाकलायला हवं होतं.

तेजीच्या त्या वर्षांनी एक गंमत केली. सगळी आवारं कापसानं भरली. भागामायच्या मुलांनीही कुण्या अडत्याचा कापूस आवारात उतरवून घेतला. भिंतीच्या उंचीचे ढीग, आणि मध्ये फुगडीपुरती जागा. बाकीच्या बाया कुरकुरल्या. कौतिकाला मात्र ते ढीग बघून वेगळंच सुचलं. फिरता फिरता एक हात सोडायचा, गर्रकन स्वतःभोवती वळायचं आणि तोच हात पुन्हा पकडायचा, ही पलटी तिच्या डोक्यात कधीपासून होती. पण चुकलं तर दात पडायची भीती. आता चुकलं तर कापसात. आम्ही महिनाभर कापसात पडलो. कानात कापूस, नाकात कापूस, वेणीतून सरक्या काढताना मायच्या शिव्या. ढिगाखालून एकदा आमचं हसू ऐकून भागामायचा थोरला धावत आला. त्याला वाटलं मांजर व्याली. पलटी जमली त्या दुपारी कौतिका ढिगाला टेकून बसली आणि एक बोंड हातात घेऊन त्यातला कापूस अगदी हळू सोडवत राहिली. इतक्या सुखात मी तिला पुन्हा फार वेळा पाहिली नाही.

मग तिला अकोल्याला दिली.

तेव्हा अकोला आजच्यासारखं जवळ नव्हतं. रूळ टाकायचं काम चालू आहे असं लोक सांगायचे, पण आमच्यासाठी गाडी म्हणजे बैलगाडी, वाटेत मूर्तिजापुराला मुक्काम, आणि अंग खिळखिळं. आश्विन आला तसा कौतिकाचा बाप तिला आणायला गेला. तिची सासू राहीबाई. घरचं वावर मोठं, तेजीत आणखी वाढलेलं, वेचणीला बाया मिळेनात. अशा दिवसांत सून माहेरी पाठवायची म्हणजे दोन हात कमी. तिथं काय झालं ते कौतिकानं मला आल्या आल्या, सासूचा आवाज काढून, कमरेवर हात ठेवून करून दाखवलं.

"वेचनीच्या टायमाले माहेर? काहून? तथी काय कापूस नाई पिकत?" मग बापाचा पडलेला आवाज, "थे फुगडी खेलते ना विहीनबाई. दर साली पयली येते." मग पुन्हा सासू, जरा थांबून. "नाव कोनाचं घेतात? बापाचं का सासरचं?"

रीत अशी होती की लग्न झालेली पोर जिंकली तर भागामाय सासरच्या गावाचं नाव पुकारायची. हे कळल्यावर राहीबाई म्हणाली होती, "मंग जाय. अकोल्याचं नाव करून ये. पन एक आयकून ठेव. जोवर पयली येशीन तोवर धाडीन. ज्या साली हारशीन त्या सालापासून वेचनी. नुसतं गाने म्हनाले माहेरी जायाचं वय नाई आता तुहं."

कौतिकानं नक्कल संपवली आणि पदरानं तोंड पुसलं. मी हसत होते. ती हसत नव्हती.

तेव्हापासून फुगडी बदलली. बाहेरून काही दिसलं नसेल कुणाला. तेच हात, तेच रिंगण, उलट आणखी लहान. पण आधी ती फिरायची कारण तिला फिरावंसं वाटायचं, आता पुढच्या आश्विनासाठी फिरायची. फुगडी सुरू होण्याआधी तिचे तळवे ओले लागायचे. मी माझ्या लुगड्याला पुसून द्यायची. जिंकल्यावर भागामाय उंच आवाजात म्हणायची, "अकोल्याची सून," आणि ते नाव गाडीवानांच्या तोंडून तिच्या आधी अकोल्याला पोचायचं. राहीबाई बाजारात दोन बायांना ते ऐकवायची, असंही कानावर यायचं. मला त्या बाईचा राग होता. आपलं एका सणाचं माहेरपण जिंकून घ्यायला लागतं हे मला फार लागायचं, आणि माझं कुंपणापलीकडचं माहेर मला त्या महिन्यात नको वाटायचं. कौतिका मात्र म्हणायची, "धाडते तरी. कितीक जनी धाडत बी नाई."

असे काही आश्विन गेले. मग एका साली निरोप आला की राहीबाई स्वतः येणार आहे. अमरावतीच्या बाजारात तिच्या घरचा कापूस येत होता, त्याच गाड्यांबरोबर ती सुनेला घेऊन येणार होती आणि फुगड्या बघून सुनेला घेऊनच परत जाणार होती. कौतिकाची माय, अनसूमावशी, हे ऐकून अर्धी झाली. विहीण पहिल्यांदा दारात येणार. तिनं भिंती पोतल्या, भांडी घासली, नवं जातं बसवलं, आणि फुगड्यांच्या आदल्या दिवशी भागामायचं आवार सारवलं. हात तिचा असा की सारवणावर एक बोट वर आलेलं दिसू नये.

संध्याकाळी राहीबाई आणि कौतिका गाड्यांबरोबर आल्या. बैल सोडायला जागा नव्हती, म्हणून कापसाच्या काही गाड्या भागामायच्या आवारात घेतल्या. सकाळी पाहिलं तर सारवणावर बैलांच्या खुरांचे खळगे आणि एका वासराची नाचलेली पावलं. भागामाय म्हणाली, "राहू दे वं अनसूया, वाळलेलं हाय, राखेनं झाकते." पण अनसूमावशीला ते कसं चालावं? विहीण बघणार, आणि कालचं, खुरं उमटलेलं अंगण? तिनं मातीचा गारा करून खळगे भरले, वरून शेणाचा जाड हात दिला, आणि उन्हं वर यायच्या आत ते अंगण पुन्हा आरशासारखं केलं. विहिणीचा मान राखायच्या नादात तिच्या हे ध्यानातच आलं नाही की अंगण बघण्यासाठी वेगळं आणि फुगडीसाठी वेगळं. आमच्याकडची कोणतीही माय हेच करती. मीही केलं असतं.

दुपारी बाया जमल्या. त्या दिवशी ऊन नव्हतं, आभाळ भरून आल्यासारखं होतं. वरून अंगण वाळलेलं दिसत होतं. भागामायनं राख भुरभुरली. राहीबाईला मधोमध पाट दिला होता, शेजारी अनसूमावशी, तिची पाठ ताठ, हात पदराखाली. पहिली फुगडी आमची, गेल्या सालच्या मानाची. कौतिका पुढं झाली आणि रीतीप्रमाणे अंगणाला पाया पडायला वाकली. उठली तेव्हा तिचा चेहरा मला वेगळा दिसला.

हात धरताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "सरे, गार लागते."

मी चवडा दाबून बघितला. वरचा पापुद्रा वाळला होता. खाली माती मऊ होती, ओल्या पुरणासारखी.

"भागामायले सांगतो ना म्या," मी म्हटलं. "जरासं वाळू दे म्हनतो. मागून खेलू आपन."

"नको."

"काहून?"

"मायनं सकाळी सारवलं. आत्याबाई बसल्या हायेत बाजूले." ती ओठ न हलवता बोलत होती. "ओलं हाय म्हनलं त मायले किती लागन?"

"आन हारलो त? पुढच्या साली धाडतीन का तुले?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिला आज इतक्या वर्षांनीही तशीच बघते, कुंकू, त्याखाली ते दोन डोळे, त्यांत भीती होती आणि ती भीती तिनं बाजूला ठेवलेली मला दिसली. ती म्हणाली, "गप. हात दे."

आम्ही फिरलो. बायांनी गाणं धरलं. सुरुवातीला तिनं फार हळू घेतलं, चवड्यांवर भार न देता, जणू झोपलेल्या लेकराशेजारून चालते आहे. मला कळत होतं ती काय करते आहे. तिला जमीन फाटू द्यायची नव्हती. पण हळू फिरली तर रेलता येत नाही, आणि रेललं नाही तर फुगडीच नाही. वेग आला. निंब, विहीर, पांढरे ढीग, सगळ्याची धार झाली. मी कुंकवाकडे बघत राहिले. क्षणभर वाटलं, जमलं, हिला सगळं जमतं. मग पायाखालून काहीतरी सुटलं. सारवणाचा एक पापुद्रा उचलला गेला, तिचा चवडा त्यावरून सरकला, भाकरी तव्यावर फाटावी तसं रिंगण एका बाजूनं फाटलं. आम्ही दोघी पडणारच होतो. त्या पडण्यातही तिनं मला गर्रकन वळवलं, आमच्या त्या जुन्या पलटीसारखं, आणि कापसाच्या बाजूला सोडलं. मी ढिगात गेले. ती स्वतः गुडघ्यांवर आली, अंगणात.

कुणी हसलं, मग कुणीच हसलं नाही. मी तोंडातली तंतं थुंकत बाहेर आले. भागामाय वाकली होती. तिनं त्या फाटक्या रिंगणाकडे बघितलं, पण वीत काही ठेवली नाही. एकदा अनसूमावशीकडे बघितलं. मग सरळ झाली, ते रिंगण सोडून शेजारी नवी राख भुरभुरली आणि पुढच्या जोडीला हाक मारली. तिला कळलं होतं असं मला वाटतं. पण निवाडा रिंगणाचा असतो, कारणांचा नसतो, हे तिनंच आम्हाला शिकवलेलं होतं.

पुढच्या जोड्या होईतो आभाळ उघडलं. चक्क ऊन पडलं. अंगण बघता बघता वाळत गेलं. सगळ्यांत शेवटी परकोटाआतल्या दोघी बहिणी आल्या. दरवर्षी आमच्याकडून हरायच्या. त्या सालीही त्या छान खेळल्या, आणि त्यांचं रिंगण लहान उमटलं, गोल, कुठं न तुटलेलं. भागामायनं त्यांचं नाव पुकारलं. धाकटी बहीण जिंकल्या जिंकल्या तांब्या घेऊन आली आणि कौतिकाच्या गुडघ्यांवर पाणी घालत बसली. मला तिचा रागही करता येईना.

अनसूमावशी आमच्या रिंगणापाशी येऊन उभी होती. कडेला वर आलेल्या ओल्या मातीकडे बघत होती. तिच्या नखांत सकाळचं शेण तसंच होतं. कौतिका लंगडत तिच्याजवळ गेली आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "माये, पाय घसरला माहा. सवय राहिली नाई." अनसूमावशीनं तिच्याकडे बघितलं. दोघींना सगळं ठाऊक होतं. मला तिथं उभं राहवेना. मी भुलाबाईपुढं जाऊन बसले आणि सगळ्यांना वाटलं मी हरल्याचं रडते आहे.

राहीबाई दिवसभर पाटावर बसून होती. खिरापत खाल्ली, चांगली झाली म्हणाली. तिचा चेहरा वाचता येणाऱ्यातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. मी कुंपणातून आले. निरोप घ्यायला म्हणून राहीबाई भागामायच्या आवारात आली होती आणि तिच्यामागं आम्ही सगळ्या. बोलता बोलता ती रिंगणापाशी थांबली. कोंबड्या अजून सुटायच्या होत्या. फाटलेली कड रात्रीतून टणक झाली होती, उभ्या राहिलेल्या पापुद्र्यासारखी. राहीबाई खाली बसली. तेजीनं तिच्या हातात चांदीच्या पाटल्या आल्या होत्या, पण हात शेणामातीचेच होते. तिनं त्या कडेचा एक तुकडा मोडला आणि बोटांत चुरडला. वरून भुगा झाला. आतली माती बोटांना चिकटली. ती बोटं तिनं थोडा वेळ बघितली. मग सुनेच्या पायांकडे बघितलं, खरचटलेल्या गुडघ्यांवर लावलेल्या हळदीकडे बघितलं. मग उठली.

अनसूमावशी कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. राहीबाईनं कपाळ पुढं केलं, कुंकू लावून घेतलं, करंडा तिच्या हातातून घेऊन तिलाही लावलं. आणि गाडीकडे वळता वळता, वेचणीबद्दल बोलावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली,

"विहीनबाई, पुढच्या साली आदल्या दिवशी सारवजा."

एवढंच. ती गाडीत जाऊन बसली. कौतिका तिच्यामागं चढली, मागच्या बाजूला तोंड करून. तिनं मला हात केला नाही, पदर तोंडात धरला होता. अनसूमावशी करंडा घेऊन तशीच उभी राहिली, गाडी झेंडूच्या मळ्याआड जाईपर्यंत, आणि नंतरही.

पुढं ती लढाई थांबली म्हणे, आणि कापसाचा भाव जसा चढला होता तसाच उतरला. गाद्या गेल्या, घोंगड्या परत आल्या. आवारं मोकळी झाली, पडायला ढीग राहिले नाहीत. कौतिका येत राहिली. कधी जिंकली, कधी हरली, आणि ते जिंकणं-हरणं पुन्हा पहिल्यासारखं हलकं झालं. तिचे तळवे कोरडे लागायचे. लोक तिची जिंकलेली वर्षं सांगतात, पलटी सांगतात, तव्यात मावणारं रिंगण सांगतात. मला विचाराल तर तिची सगळ्यांत मोठी फुगडी ती फाटलेली. ती कुणी मोजली नाही. राहीबाईनं मोजली.

त्या बाईवरचा माझा राग त्याच सकाळी संपला, असं लिहिलं तर शोभेल. पण तसं झालं नाही. थोडा राग उरलाच. लेकीला माहेरी येण्यासाठी कशाला जिंकावं लागावं, यावरून मी अजून मनात भांडते. फक्त आता भांडताना मध्येच ती चुरडलेली माती आठवते, आणि माझा आवाज खाली येतो.

आता दोघींचे केस त्या ढिगांसारखे झाले आहेत. कौतिकाला गुडघ्यांमुळे फुगडी सुटून जमाना झाला. पण कोजागिरीला ती येते. अकोल्याहून आगगाडीनं बडनेऱ्यापर्यंत, तिथून पुढं टांग्यानं, टांगेवाल्याशी कटकट करत. आली की पाट मागते, आणि माझ्या नाती फिरल्या की वाकून रिंगणं बघते. त्यांना म्हणते, "पोट्टीहो, भोवरा बी फिरते." नाती हसतात.

आज सकाळी घरात कुणी उठायच्या आत मी अंगणात गेले. सुनेचं सारवण सुरेख झालं आहे, हे तिला सांगायला हवं. मी चपला काढल्या आणि मध्यावर जाऊन अनवाणी उभी राहिले. चवडा दाबून बघितला. गार लागलं नाही.